चष्म्यातला अजिंठा कसा घडतो?



शाळेत, संग्रहालयात, प्रदर्शनात हल्ली एक जाड काळा चष्मा डोळ्यांवर चढवतात आणि आपण जणू दुसऱ्याच जागी उभ्या असतो. मान वळवली की तिथलं चित्रही वळतं. जुन्या वास्तू अशा चष्म्यातून दाखवायचं काम आता वाढतंय. आमच्या गटांच्या बैठकीत प्रश्न निघाला, हे बनवतात कसं आणि त्यात आपलं काय? आज अजिंठ्याचं उदाहरण घेऊन ते समजून घेऊ.

आधी गरज पाहू. वाघूर नदीच्या वळणावर कातळात ३० लेणी आहेत. त्यातली सर्वांत जुनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. तिथली चित्रं थेट दगडावर काढलेली नाहीत. माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे धागे कालवून गिलावा केला, वर चुन्याचा पातळ हात दिला, मग रंग भरले. आपण भिंती लिंपतो, सारवतो. ओल लागली की पोपडे निघतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. माणसाच्या श्वासातही ओल असते. म्हणून तिथे गर्दीवर बंधन असतं, फ्लॅश मारू देत नाहीत. फ्रान्समधल्या लास्को गुहेतली आदिमानवाची चित्रं याच कारणाने १९६३ साली लोकांसाठी बंद करावी लागली. १९८३ पासून तिथे लोक शेजारी बांधलेली हुबेहूब प्रतिकृती पाहतात.

शिवाय फर्दापूरहून बसने गेलं तरी वर पायऱ्या चढाव्याच लागतात. गुडघे धरलेल्या आपल्या सासूबाईंनी, चालता न येणाऱ्या मुलीने अजिंठा कधी पाहायचाच नाही का? त्यांच्यासाठी हा चष्मा मोलाचा.

आता तो घडतो कसा. पहिलं काम मोजणीचं. तिपाईवर ठेवलेलं यंत्र चौफेर प्रकाशाचा किरण सोडतं आणि प्रत्येक ठिकाण किती लांब आहे ते टिपतं. सोबत हजारो फोटो काढतात. छपराचे पत्रे जसे एकावर एक थोडे चढवून लावतो, तसा प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर थोडा चढलेला हवा. दोन्हींतल्या सारख्या खुणा जुळवत संगणक लेण्याचा उठाव तयार करतो. चष्म्यात दोन्ही डोळ्यांना जरा वेगवेगळी चित्रं दिसतात, म्हणून खोली जाणवते.

दुसरं काम खरेपणाचं. अजिंठ्यात कितीतरी ठिकाणी चित्राचा तुकडा गळून गेला आहे. ती जागा संगणकावर भरून काढणं सोपं असतं, पण मग जुनं कुठलं आणि आजचं कुठलं, हे मुलांना कसं कळणार? चांगल्या कामात अंदाजाने भरलेला भाग फिक्या रंगात वेगळा दाखवतात.

तिसरं काम पाहणाऱ्याच्या सोयीचं. शरीर जागेवर आणि डोळ्यांसमोर सगळं पळतंय, असं झालं की चक्कर येते, मळमळतं. म्हणून बसायला खुर्ची हवी, खेळ थोडक्यात आटोपायला हवा आणि चष्मा प्रत्येकीनंतर पुसायला हवा. निवेदन आपल्या बोलीत, सावकाश असावं.

चौथं काम जपणुकीचं. रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षं खपून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. लंडनला प्रदर्शनात ठेवल्या असताना १८६६ च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. आपण सगळं बियाणं एकाच कणगीत ठेवत नाही. संगणकातली मोजणीही दोन-तीन ठिकाणी ठेवावी लागते.

आता आपला भाग. वास्तू म्हणजे नुसता दगड नव्हे. गावातल्या बारवेवर कोण पाणी भरायचं, कुणाला भरू देत नव्हते, देवळात कुठली गाणी म्हणत, हे बायकांना ठाऊक असतं. चष्म्यात आवाज भरायचा म्हणून लोक हे रेकॉर्ड करायला येतात. तेव्हा हे जरूर विचारा:

– हे कुठे आणि किती दिवस दाखवणार?
– गाणाऱ्या, सांगणाऱ्या बाईचं नाव त्यात येणार का?
– तिकीट लावलं, तर आम्हाला मोबदला काय?
– तयार झाल्यावर आधी आम्हाला दाखवणार का? चुकलेलं दुरुस्त करणार का?
– त्याची एक प्रत गावच्या शाळेत ठेवणार का?

यात उद्धटपणा नाही. गी प्वातवां आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, तेव्हा गाणारीचं आणि तिच्या गावाचं नाव नोंदवून ठेवलं. एवढ्या मोठ्या कामात ते जमलं, तर इतरांनाही जमेल.

चष्म्यामुळे तिथे कुणी जाणारच नाही, ही भीतीही बैठकीत निघाली. डोलीवाल्यांचं, चहा-फराळ विकणाऱ्यांचं पोट त्यावर आहे. म्हणून चष्म्यातला खेळ अर्धीच गोष्ट सांगून थांबावा, पाहणाऱ्याला तिथे जावंसं वाटावं. शेवटी गावातल्या बाईच्या हातचं जेवण, मुक्कामाची सोय, वाट दाखवणारी ताई यांचीही माहिती द्यावी. हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं. म्हणून आराखडा आखायच्या बैठकीतच आपली माणसं हवीत.

सुरुवात लहान करता येते. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन भिंगं लावून त्यात मोबाईल ठेवला तरी असा देखावा दिसतो. गावच्या बारवेचे फोटो कॉलेजातली मुलं काढतील, तिची गोष्ट तुम्ही सांगा. मात्र संरक्षित स्मारक असेल तर चित्रीकरणाआधी पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्या.

येत्या बैठकीत एवढंच करा: गावातल्या एका जुन्या वास्तूबद्दल वयस्क बायकांना काय आठवतं ते विचारा आणि त्यांच्या नावासह वहीत लिहून ठेवा. यंत्र उद्याही येईल, पण त्या आठवणी आजच लिहायला हव्यात.