कोळ्याचें जाळें चिकट कशानें होतें?

श्रावण-भाद्रपदांत सकाळीं भाताच्या खाचरांत शिरलें म्हणजे चुडांमध्यें आडवीं ताणलेलीं कोळ्याचीं जाळीं दंवानें चमकतांना दिसतात. आपले पुष्कळ बांधव तीं काठीनें मोडून पुढें जातात. त्यांची घडण एकदां समजली तर हात थोडा आवरेल, म्हणून हा मजकूर आम्ही देत आहों.

सगळें जाळें चिकट असतें हा समज खरा नव्हे. मध्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणें बाहेर गेलेले धागे कोरडे व बळकट असतात. कोळी धांवतो तो मुख्यतः त्यांवरूनच. त्यांवर फेऱ्याफेऱ्यांनीं बसविलेला धागा मात्र निराळा. विणतांना त्यास सलग ओला लेप येतो, आणि लागलीच त्या लेपाचे आपोआप सूक्ष्म मणी होतात. प्रत्येक मण्याच्या पोटांत साखर जडलेल्या प्रथिनाचा खरा गोंद असतो. त्याभोंवतीं पाणी, व त्या पाण्यांत हवेंतील ओलावा ओढून घेणारे क्षार. पावसाळ्यांत घरच्या मिठास पाणी सुटतें, तोच हा प्रकार. म्हणून हा गोंद खळीसारखा वाळून कडक होत नाहीं.

तुडतुडा येऊन आदळला कीं गोंद पसरून त्याच्या अंगास लागतो. तो ओढूं लागला म्हणजे मणी तुटण्याऐवजीं लांबतात, व अनेक मणी मिळून भार वांटून घेतात. धागाही ताणला जातो, त्यामुळें धडक जिरते आणि किड्यास रेटा देण्यास कठीण असें कांहींच सांपडत नाहीं. निसटतो तो बहुधा पतंग. त्याच्या पंखांवरील खवले गोंदास चिकटून राहतात व तो सुटतो. तेव्हां खोडकिड्याच्या पतंगांचा पुरता बंदोबस्त जाळीं करतील, अशी आशा आम्ही कोणास लावीत नाहीं.

मोडलेलें जाळें कोळी पुन्हां विणतो. पुष्कळ जाती जुना धागा खाऊन रोज नवें जाळें घालतात. विषारी फवाऱ्यानें मात्र कोळीच मरतो. इंडोनेशियांत तपकिरी तुडतुड्यांनीं भाताचा नाश मांडला, तेव्हां १९८६ सालीं तेथील सरकारनें भातावरील ५७ कीटकनाशकांस बंदी घातली. कारण फवारणीनें कोळ्यांसारखे त्यांचे भक्षक मरून तुडतुडे उलट वाढत होते.

म्हणून फवारा उचलण्यापूर्वीं तुडतुडे मोजावे व कोळीही मोजावे. मोजणी सकाळीं लवकर करावी. दिवसा हा लांबट कोळी पानाच्या कडेस पाय ताणून काडीसारखा पडून असतो, आणि घाईनें पाहणाऱ्यास तो दिसतच नाहीं.