वाट रचणारा आणि वाटसरू

जपानमधील क्योतो शहरात १९८५ साली शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे दोन रचनाकार आलेखाच्या कागदावर एका खेळाची वाट आखीत होते. कोणत्या चौकोनात वीट बसवावयाची, कोठे खड्डा ठेवावयाचा, शत्रू कोणीकडून पुढे यावयाचा, हे सारे कागदावर ठरे. मग संगणकाचे जाणकार ती आखणी पडद्यावर उतरवीत. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या नावाने तो खेळ त्याच वर्षी सप्टेंबरात प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यात सूचनांची पाटी नाही की शिकविणारा कोणी नाही. तरीही नवखा खेळाडू काही क्षणांतच शिकतो. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूस उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते. तेव्हा कोठे जावयाचे ते न सांगताच कळते. थोडे पुढे प्रश्नचिन्हाचा ठोकळा असतो. तो डोक्याने ठोकला की त्यातून एक अळंबे निघते, उजवीकडे सरकत जाते, नळावर आपटते आणि उलट मारिओकडेच येऊ लागते. शत्रू समजून खेळाडू घाईने उडी मारू पाहतो; पण वरच्या विटांना डोके लागते आणि तो बहुधा त्या अळंब्यावरच पडतो. पडतो तो मोठा होऊनच उठतो! आपली भीती व्यर्थ होती, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

इतकी सोपी दिसणारी वाट मुळीच सोपी नव्हती. आपण पुष्कळदा पुढचे टप्पे आधी रचतो आणि पहिला टप्पा मागाहून करतो, असे मियामोतो यांनी सांगितले आहे. अमेरिकेतील जॉन रोमेरो यांनीही ‘डूम’ या खेळाचा पहिला टप्पा आपले इतर टप्पे होत आल्यावर रचला. नवख्या माणसाला काय कळते आणि काय कळत नाही, हे उमजण्यास रचनाकाराचा हात आधी पुष्कळ फिरलेला असावा लागतो.

खेळाच्या अशा एकेका टप्प्यास ‘लेव्हल’ म्हणतात. लेव्हल रचणे हे प्रारंभी खेळ बनविणाऱ्या संस्थांचेच काम होते. परंतु लवकरच तो हजारो हौशी मंडळींचा छंद झाला. १० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचे नकाशे व चित्रे मूळ आज्ञावलीपासून वेगळ्या फायलीत ठेवलेली होती. पुढच्याच वर्षी हौशी लोकांनी त्या फायली वाचून नवे नकाशे रचण्याची साधने तयार केली. तीस वर्षे लोटली तरी ते काम थांबलेले नाही. २०१५ साली ‘सुपर मारिओ मेकर’ निघाला आणि शाळकरी मुलांनाही विटा, नळ व खड्डे मांडून आपली वाट रचता येऊ लागली.

या छंदात एक विलक्षण अडचण आहे. चित्रकार आपल्या चित्रापासून चार पावले मागे सरून ते पाहू शकतो. गवय्यास आपला बेसूर स्वर निदान ऐकू येतो. पण वाट रचणाऱ्याला आपली वाट पाहताच येत नाही, कारण ती त्याला आधीच ठाऊक असते. किल्ली जिन्यामागे ठेवली आहे हे तो जाणतो. म्हणून जिना दिसताच त्याला किल्लीही दिसते. तिसऱ्या दालनात अंधार आहे हे त्याला खटकत नाही, कारण त्याचे पाय तेथे आपोआप वळतात. आपलीच वाट दोनशे वेळा चालून त्याचा हात इतका सरावलेला असतो की, जी उडी इतरांना अशक्य वाटावी ती त्याला पोरखेळ वाटते. त्यात ‘आपला तो बाब्या’ हा मनुष्यस्वभाव आहेच. मग टप्पा फार अवघड झाला तर तो खेळाडूला अडाणी म्हणतो, आणि टप्पा कंटाळवाणा झाला तर त्याला अरसिक ठरवितो.

यावर उपाय एकच, आणि तो मनास बोचणारा आहे: दुसऱ्याला खेळावयास बसवावे आणि आपण तोंड मिटून मागे बसावे. एखाद्या मुलीने महिनाभर खपून भुयारांचा एक टप्पा रचला आहे, असे समजा. तिने धाकट्या भावाला तो खेळावयास दिला. तो जिन्यावरून वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला; जिन्यामागे काही त्याने पाहिले नाही. ‘अरे, मागे बघ ना!’ हे शब्द तिच्या ओठांवर येतात. परंतु ते तिने उच्चारले तर तिची परीक्षा तेथेच संपली. इतर खेळाडूंच्या मागे ती थोडीच उभी राहणार आहे? तिने गप्प राहावे आणि वहीत लिहावे: जिना, चार फेऱ्या, किल्ली दिसली नाही. भाऊ कंटाळून उठून गेला, तर तेही लिहावे. खेळून झाल्यावर ‘आवडला का?’ असे विचारण्यात फारसा अर्थ नाही; भाऊ बहिणीची समजूत काढील. तो कोठे थांबला, कोठे मागे फिरला, कोणत्या भिंतीला विनाकारण धडकत राहिला, ही त्याची खरी उत्तरे असतात.

मोठमोठ्या रचनाकारांनीही हेच केले आहे. अमेरिकेतील ‘व्हॉल्व्ह’ या संस्थेचा ‘हाफ-लाइफ’ हा खेळ १९९७ च्या अखेरीस बाहेर पडावयाचा होता. पण मंडळींनी आपले काम प्रामाणिकपणे तपासले, तेव्हा त्यांना तो रंजक वाटेना. तयार होत आलेला खेळ तसाच विकण्याचा मोह त्यांनी आवरला आणि बहुतेक रचना नव्याने आरंभिली. आधी एकच लहान टप्पा घेतला, सुचलेल्या साऱ्या कल्पना त्यात ओतल्या, आणि तो मनास उतरल्यावर त्याच्या मापाने पुढचे टप्पे रचले. बाहेरच्या लोकांना दोन-दोन तास खेळावयास बसवून रचनाकार पाठीमागे वही-पेन्सिल घेऊन बसत. बोलण्याची त्यांना सक्त मनाई असे. अशा दोनशेंहून अधिक बैठका झाल्या, आणि एकेका बैठकीतून शंभराच्या आसपास दुरुस्त्या निघत! ज्या कोड्याचे उत्तर रचनाकाराला उघड वाटत असे, त्याच्यापुढे खेळणारा वीस-वीस मिनिटे चाचपडत बसे, आणि ते उत्तर मुळीच उघड नव्हते हे रचनाकाराला मान खाली घालून कबूल करावे लागे. खेळ १९९८ च्या नोव्हेंबरात निघाला, एक वर्ष उशिरा. आणि त्याने मोठी कीर्ती मिळविली.

दुसरा माणूस मात्र नेहमी हाताशी नसतो. अशा वेळी रचनाकाराला स्वतःच परका व्हावे लागते. टप्पा काही आठवडे बाजूस ठेवून द्यावा आणि विसर पडू लागला की उघडावा. तेव्हा त्यातील उणिवा आपण होऊन पुढे येतात. त्यातही ‘हे चांगले आहे का?’ असा ढोबळ प्रश्न उपयोगाचा नाही. त्याचे उत्तर मनाच्या लहरीप्रमाणे बदलते. आज सारे सुंदर वाटते, उद्या ‘आपल्याला काही येत नाही’ म्हणून हात गळतात. अशी हाय खाणे हे आत्मपरीक्षण नव्हे. त्यातून एकही भिंत सरळ होत नाही. रोमेरो यांनी आपल्या कामासाठी काही बारीक कसोट्या ठरविल्या होत्या. जमिनीचे रूप बदलले तर तिची उंचीही बदलावी. उजेड आणि अंधार, अरुंद बोळ आणि मोकळे अंगण, यांचा विरोध जागोजागी साधावा. खिडकीतून बाहेरचे मैदान दिसत असेल तर तेथे कसे तरी पोहोचता आले पाहिजे. ओळखीच्या खुणा ठिकठिकाणी असाव्यात, आणि वाट अशी वळावी की खेळाडू त्याच जागी पुनःपुन्हा येऊन तिचा भूगोल ध्यानात घेईल. या कसोट्यांचा गुण असा की, त्यांचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे मिळते. खिडकीतले मैदान गाठता येत नसेल तर दोष कोठे आहे ते कळले, आणि तो दुरुस्तही करता येतो.

मात्र कधीकधी दुरुस्ती म्हणजे काढून टाकणे असते. ज्या दालनासाठी सर्वांत अधिक रात्री खर्ची पडल्या, तेच दालन वाटेत अडसर ठरते. ते पुसताना जिवावर येते. पण खेळाडूला त्या रात्रींशी काय कर्तव्य? जुनी प्रत जपून ठेवावी म्हणजे पुसण्याचे धैर्य येते, एवढीच सोय आहे.

‘सुपर मारिओ मेकर’मध्ये एक चांगला नियम होता. रचलेला टप्पा स्वतः पार केल्याखेरीज तो इतरांसाठी खुला करता येत नसे. इतर लोक खेळू लागले की, ते कोठे कोठे मरण पावले त्या जागी फुल्या उमटत. एकाच खड्ड्यावर फुल्यांची दाटी झाली, की रचनाकाराला आपली आगळीक आरशाप्रमाणे दिसे. पण नियम झाला तरी माणसाच्या प्रामाणिकपणावरच उभा असतो. ‘ट्रिमिंग द हर्ब्स’ नावाचा एक छोटा टप्पा २०१७ साली खुला झाला. खेळ चालविणारी सेवा ८ एप्रिल २०२४ रोजी बंद व्हावयाची होती. तत्पूर्वी कोणीही पार न केलेले सारे टप्पे पार करावयाचे, असा निर्धार काही खेळाडूंनी केला. एकेक करीत ते संपत आले, आणि हा टप्पा उरला. कसलेले खेळाडू रात्रंदिवस झटले, पण तो सुटेना. अखेर मार्च महिन्यात त्याच्या रचनाकाराने कबुली दिली: तो टप्पा त्याने स्वतःच्या हातांनी कधीच पार केला नव्हता, यंत्राकडून कळा दाबवून नियमाची पूर्तता दाखविली होती. अनेकांचे श्रम फुकट गेल्यासारखे झाले. त्याची गणती यादीतून काढून टाकण्यात आली.

पण सगळ्यांनी तो नाद सोडला नाही. एक खेळाडू त्या वाटेवर प्रयत्न करीतच राहिला, आणि सेवा बंद होण्यास तीन दिवस उरले असता त्याने ती आपल्या दोन हातांनी पार केली. वाट चालता येण्याजोगी होती. ज्याने ती रचली, त्याला मात्र ते ठाऊक नव्हते.