धावफलक आणि जन्मदाखला

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्याकडे गल्लीगल्लीतून क्रिकेटचे डाव रंगू लागतात. अमेरिकेतील मुलांच्या उन्हाळ्याशी असेच जिव्हाळ्याचे नाते आहे ते बेसबॉलचे. पेनसिल्वेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट या गावी कार्ल स्टॉट्झ यांनी १९३९ साली मुलांसाठी ‘लिटल लीग’ सुरू केली. १९४७ पासून तिची अंतिम स्पर्धा भरू लागली आणि पुढे तिला जागतिक स्वरूप प्राप्त झाले.

मुलांच्या या खेळाची मापेही त्यांच्या वयाला शोभतील अशी आहेत. प्रौढांच्या बेसबॉलमध्ये दोन तळांतील अंतर ९० फूट, तर येथे ६० फूट. सामना नऊ डावांऐवजी सहा डावांचा. चेंडू फेकणारा ‘पिचर’ आणि फलंदाज यांच्यात अवघे ४६ फूट अंतर. एवढ्या जवळून चौदा वर्षांच्या मुलाने चेंडू फेकला, तर बारा वर्षांच्या फलंदाजाला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही अवधी मिळू नये. म्हणूनच येथे वयाच्या नियमाला अनन्यसाधारण महत्त्व आहे.

एकतर्फी विजय

२९ ऑगस्ट १९९२. अंतिम सामन्यात फिलिपाईन्समधील झांबोआंगा शहराचा संघ कॅलिफोर्नियाच्या लाँग बीच संघासमोर उभा ठाकला. सामना अगदीच एकतर्फी झाला. झांबोआंगाने १५ धावा केल्या, लाँग बीचला जेमतेम ४ करता आल्या. मायदेशी आनंदाला उधाण आले.

मात्र हा आनंद महिनाभरही टिकला नाही. मनिलातील पत्रकारांनीच संघाची कुळकथा शोधून काढली. लिटल लीगच्या नियमानुसार संघातील मुले त्या त्या लीगच्या हद्दीतच राहणारी असावी लागतात. प्रत्यक्षात अनेक खेळाडू झांबोआंगाचे नव्हतेच. वयाच्या नियमाचाही भंग झाला होता. सप्टेंबरमध्ये विजेतेपद काढून घेण्यात आले आणि सामना लाँग बीचने ६-० असा जिंकल्याचे जाहीर झाले. सहा डावांची प्रत्येकी एक, अशा त्या कागदावरच्या सहा धावा!

हरले कोण?

लाँग बीचच्या मुलांना विजेतेपद मिळाले खरे. पण मैदानावर विजयी धाव घेण्याचा क्षण काही त्यांना परत मिळाला नाही. झांबोआंगाकडून खेळलेल्या मुलांच्या माथी मोठ्यांच्या लबाडीचा डाग लागला. आणि बाहेरून आणलेल्या प्रत्येक खेळाडूमागे गावातला एक मुलगा संघाबाहेर राहिला. त्याचे नाव कोणत्याच धावफलकावर आले नाही. सर्वांत मोठे नुकसान कदाचित त्याचेच झाले असावे.

लाँग बीचच्या संघाने पुढच्याच वर्षी, १९९३ साली, पनामाच्या संघाला ३-२ असे नमवून विजेतेपद राखले. लागोपाठ दोनदा अजिंक्य ठरलेला तो पहिला अमेरिकी संघ. त्या एका धावेच्या निसटत्या विजयाचे मोल अकरा धावांच्या विजयाहून अधिकच म्हणायला हवे.

दुर्दैवाने हा धडा सर्वांनीच गिरवला नाही. २००१ साली न्यूयॉर्कमधील ब्राँक्सच्या संघात एक तेजस्वी पिचर चमकला. स्पर्धेनंतर तो बारा नव्हे, चौदा वर्षांचा असल्याचे सिद्ध झाले आणि संघाचे सारे विजय रद्द झाले. आपल्याकडेही कनिष्ठ गटांच्या क्रिकेटमध्ये वयचोरीचा रोग आहेच. राहुल द्रविड यांनी २०१५ साली पतौडी स्मृती व्याख्यानातून त्याविरुद्ध परखड इशारा दिला होता.

दाखल्याची किंमत

वाचकहो, रिझर्व्ह बँकेने २००२ साली ‘आपला ग्राहक ओळखा’ हा दंडक बँकांना घालून दिला. काउंटरवर ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा मागितला की एखादे जुने ग्राहक किंचित रागावून विचारतात, “इतक्या वर्षांत आम्हांला ओळखले नाहीत?” त्यांचा राग समजण्यासारखा आहे. परंतु पुरावा मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. प्रामाणिक माणसाच्या जागी दुसराच कोणी उभा राहू नये, यासाठी घातलेले ते कुंपण आहे. झांबोआंगाच्या त्या घरी राहिलेल्या मुलाला असे कुंपण वेळीच लाभले असते, तर?

धावफलकावरचे आकडे क्षणात बदलतात. त्यांच्यामागचा दाखला खरा असेल, तरच ते टिकतात. खेळातही आणि खातेवहीतही!