बारा तासांचं खातं

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतला कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. ती बातमी ऐकून इचलकरंजीतला एक यंत्रमाग कामगार मला म्हणाला, "आत्ता देताय होय? आम्ही बारा तासातच म्हातारं झालो की." त्या वाक्यासाठीच त्याच्या खात्यावर, म्हणजे मागांच्या शेडमध्ये, गेलो.

आत मागांच्या आवाजात बोलणं हातवाऱ्यांनी. तेलाचा वास, भुवयांवर कापसाचे तंतू. आडव्या सुताची कांडी संपली की माग थांबवायचा, धोट्यात नवी घालायची, पुन्हा सोडायचा. हे पाळीत किती वेळा होतं ते कुणी मोजत नाही. मोजतात मीटर.

"दोन हजार धागं पडल्याबिगर मीटर न्हाई, अन् मीटर पडल्याबिगर पैसा न्हाई," तो बाहेर चहाला आल्यावर म्हणाला. हिशोब बरोबर आहे: इंचाला ५२ पिकं (आडवे धागे), म्हणजे मीटरला २,०४७. मिनिटाला १४० पिकं धरली तर मीटरला जवळपास पंधरा मिनिटं. तीही धागा तुटला नाही तर. तुटला की तो वाकतो, टोक शोधतो, फणीतून ओढतो, बोटांनी न बघता गाठ मारतो. नजर शेजारच्या मागावर असते, कारण त्याच्याकडे सहा माग आहेत. गाठ बसेपर्यंत तो माग बंद आणि त्याची मजुरीही बंद.

कापडबाजारातली मंदी या थांबलेल्या मागातूनच घुसते. खर्चीवाला कारखानदार व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणतो. कापडाला उठाव नसला की बीमं (ताण्याच्या सुताचे रोल) येत नाहीत, आणि आली तर सूत हलकं. हलकं सूत जास्त तुटतं, म्हणजे त्याच दोन हजार धाग्यांना जास्त वेळ. "बीम न्हाई त्या दिवशी सुट्टी, पण आपल्या खर्चानं," तो म्हणाला. बुडालेले दिवस भरून काढायला पुढे १२ चे १४ तास होतात. मंदीत कामगाराला आराम मिळत असेल, असं मानणाऱ्यांनी इथे एक पाळी उभं राहून बघावं. कारखानदारही विजेच्या बिलाने बेजार आहे, हे खरं. पण तोटा वाटताना खालच्याच्या वाट्याला जास्त येतो.

२०२५ पर्यंत लागू असलेला १९४८ चा कारखाने अधिनियम जादा तासांना दुप्पट मजुरी देत होता, नगावर काम करणाऱ्यालाही. पण जादा मजुरीसाठी तास लिहिलेले लागतात. या खात्याच्या वहीत फक्त मीटर आहेत. तास वाढवणाऱ्यांनी आधी ते लिहायला लावावेत.