जुनी एसयूव्ही 'पास' झाली, म्हणजे नेमके काय झाले?

- प्रतिनिधी

जुनी मोटार घ्यायला निघालेला माणूस आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारतो. गाडी किती चालली आणि शेवटचा भाव काय? ब्रिटनमध्ये या दोन्ही प्रश्नांच्या आधी तिसरा प्रश्न येतो, 'एमओटी कधीपर्यंत आहे?' नोंदणीला तीन वर्षे पूर्ण झालेल्या मोटारीला तेथे दरवर्षी चाचणी द्यावी लागते. ती रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे, असे प्रमाणपत्र मिळाले नाही, तर ती रस्त्यावर आणता येत नाही. आणल्यास एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

नोकरीच्या निमित्ताने ब्रिटनमध्ये स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाही ही तीन अक्षरे लवकरच पाठ होतात. मुले मोठी होऊ लागतात, भारतातून आई-वडील येऊन राहतात आणि लहान मोटार अपुरी पडते. नवी एसयूव्ही खिशाला परवडत नाही, म्हणून सात-आठ वर्षांची जुनी शोधली जाते. विकणारा छातीठोकपणे सांगतो, 'गाडी नुकतीच एमओटी पास झाली आहे.' या वाक्यावर किती विसंबायचे, हा खरा प्रश्न आहे. जुनी एसयूव्ही वार्षिक चाचणीत उत्तीर्ण होण्याची खात्री किती, आणि झालीच, तर त्यावरून तिच्याविषयी काय कळते, हे समजून घेण्याजोगे आहे.

दहा वर्षांवरून तीन वर्षांवर

एमओटी हे 'मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट' या नावाचे संक्षिप्त रूप. ते मंत्रालय त्या नावाने आता उरले नाही, चाचणीला मात्र नाव कायमचे चिकटले. वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांच्या कारकिर्दीत १९६० मध्ये ती सुरू झाली. प्रारंभी दहा वर्षांहून जुन्या वाहनांचे ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग एवढेच तपासले जाई. नापास होणाऱ्या मोटारींची संख्या इतकी मोठी निघाली, की १९६१ अखेर ही मर्यादा सात वर्षांवर आणावी लागली. १९६७ मध्ये ती तीन वर्षे झाली. टायर, सीटबेल्ट, धूर, चेसिसवरील गंज अशा बाबी पुढे टप्प्याटप्प्याने यादीत आल्या.

मोटारी अधिक टिकाऊ झाल्या आहेत, तेव्हा पहिली चाचणी तिसऱ्याऐवजी चौथ्या वर्षी घ्यावी, असा विचार ब्रिटिश सरकारने २०२३ मध्ये मांडला होता. रस्ते सुरक्षेच्या मुद्द्यावर त्याला विरोध झाला आणि २०२४ च्या जानेवारीत तीन वर्षांचीच मुदत कायम ठेवण्यात आली. उत्तर आयर्लंडमध्ये ही मुदत चार वर्षांची आहे.

काय तपासतात, काय तपासत नाहीत?

देशभरात सुमारे २३ हजार केंद्रांवर ही चाचणी होते. त्यांतील बहुतेक केंद्रे म्हणजे खासगी गॅरेजच असून 'ड्रायव्हर अँड व्हेइकल स्टँडर्ड्स एजन्सी' ही सरकारी यंत्रणा त्यांच्यावर देखरेख ठेवते. मोटारीच्या चाचणीचे कमाल शुल्क ५४.८५ पौंड आहे. ब्रेक, टायर, दिवे, सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीटबेल्ट, समोरची काच, वायपर, हॉर्न, धूर, इंधनाच्या नळ्या आणि सांगाड्यावरील गंज यांची पाहणी होते. टायरच्या मधल्या तीन-चतुर्थांश भागात खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. चालकाच्या अगदी समोर काचेवर १० मिलिमीटरपेक्षा मोठा तडा असला, तरी मोटार नापास होते.

२०१८ पासून दोषांची वर्गवारी अधिक स्पष्ट झाली आहे. 'धोकादायक' आणि 'गंभीर' दोष असल्यास मोटार नापास. 'किरकोळ' दोष असल्यास पास, पण दुरुस्ती लवकर करायला हवी. याशिवाय 'सूचना' नावाचा एक प्रकार आहे. आज चालेल, पण पुढे लक्ष ठेवा, असा त्याचा अर्थ. जुनी मोटार घेणाऱ्याने सर्वाधिक लक्ष द्यायला हवे, ते या सूचनांकडे.

आता यादीबाहेरच्या गोष्टी. इंजिनाची अंतर्गत स्थिती, क्लच आणि गिअरबॉक्स या चाचणीत तपासले जात नाहीत. तपासनीसाने कोणताही भाग खोलायचा नसतो. खालच्या बाजूला प्लास्टिकचे आवरण असेल, तर त्यामागचा गंजलेला ब्रेक पाइप त्याला दिसणार नाही. सकाळी पास झालेल्या एसयूव्हीचा गिअरबॉक्स त्याच संध्याकाळी निकामी झाला, तरी चाचणी चुकली असे म्हणता येत नाही. मालकाचा खर्च वाचवणे हे तिचे कामच नाही. मोटार रस्त्यावर दुसऱ्याच्या आणि स्वतःच्या जिवाला धोका ठरू नये, एवढेच ती पाहते.

एसयूव्ही कुठे अडकते?

ब्रिटनमध्ये दरवर्षी तीन कोटींहून अधिक मोटारींच्या चाचण्या होतात आणि पहिल्या प्रयत्नात चारपैकी एकीहून अधिक मोटार नापास होते. दिवे, सस्पेन्शन, ब्रेक आणि टायर ही नापास होण्याची नेहमीची कारणे आहेत. एसयूव्हीही याच ठिकाणी अडकते, मात्र तिच्या बाबतीत काही कारणे अधिक जोरकस असतात.

पहिले कारण वजनाचे. त्याच आकाराच्या साध्या मोटारीपेक्षा एसयूव्ही जड आणि उंच असते. वळणावर, खड्ड्यात आणि ब्रेक लावताना हा सगळा भार सस्पेन्शनचे रबरी बुश, सांधे आणि स्प्रिंग यांच्यावर येतो. मागे सामानाची ट्रॉली किंवा कॅराव्हॅन जोडून ओढली असेल, तर झीज आणखी वाढते. टायर मोठे आणि महाग असल्याने ते बदलण्याचे काम मालक पुढे ढकलत राहतो. चाकांची दिशा जरा बिघडली असेल, तर टायरची आतली कड झिजते आणि ती उभ्या माणसाला दिसतही नाही.

दुसरे कारण डिझेलचे. धुरातील काजळी अडवणारा फिल्टर साफ होण्यासाठी इंजिन बराच काळ तापलेले राहावे लागते. मुलांना शाळेत सोडणे आणि बाजारहाट एवढ्यापुरतीच गाडी वापरली, तर तो तुंबतो. नवा फिल्टर महाग पडतो, म्हणून काही जण तो काढूनच टाकत. मूळ बांधणीत असलेला हा फिल्टर काढलेला आढळल्यास २०१४ पासून मोटार नापास होते. २०१८ नंतर तर फिल्टर असलेल्या मोटारीतून कोणत्याही रंगाचा धूर दिसला, तरी तो गंभीर दोष मानला जातो.

तिसरे कारण गंजाचे. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून ब्रिटनमधील रस्त्यांवर मीठ टाकतात. ते गाडीच्या पोटाला चिकटून ब्रेकचे पाइप आणि स्प्रिंग खाते. सस्पेन्शन, स्टिअरिंग किंवा सीटबेल्ट जेथे सांगाड्याला जोडलेले असतात, त्याच्या ३० सेंटिमीटरच्या परिसरात गंजाने पत्रा कमकुवत झालेला आढळला, तर मोटार नापास होते.

एसयूव्हीची ब्रेकचाचणीही कधी कधी वेगळी घ्यावी लागते. साध्या मोटारीची चाके फिरत्या रोलरवर ठेवून ब्रेकचा जोर मोजतात. चारही चाकांना कायम शक्ती देणाऱ्या काही एसयूव्ही या रोलरवर चढवल्यास यंत्रणेचे नुकसान होऊ शकते. त्यांना रस्त्यावर नेऊन वेग किती झपाट्याने कमी होतो, हे उपकरणाने मोजले जाते.

टक्केवारीचा चकवा

कोणते मॉडेल किती वेळा पास होते, याची माहिती बीबीसीने माहिती अधिकार कायद्याखाली केलेल्या दीर्घ पाठपुराव्यानंतर २०१० मध्ये प्रथम खुली झाली. तेव्हापासून 'सर्वांत विश्वासार्ह' आणि 'सर्वांत वाईट' मोटारींच्या याद्या नियमित छापून येतात. त्या वाचताना काही पथ्ये पाळायला हवीत.

निसान कश्काईचे उदाहरण घेऊ. इंग्लंडमधील संडरलंडच्या कारखान्यात बनणारी ही कौटुंबिक एसयूव्ही २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपाची मोटार होती. त्या वर्षी विकल्या गेलेल्या गाड्या २०२५ मध्ये पहिल्यांदा चाचणीला गेल्या. तीन वर्षांच्या मोटारीत सहसा झिजलेला टायर, गेलेला बल्ब, फाटलेले वायपर असे दोष सापडतात. त्यांतून मालकाचा निष्काळजीपणा दिसतो, कारखान्याचा दोष दिसत नाही. याच मॉडेलच्या २०१२ च्या गाडीत मात्र स्प्रिंग, बुश, ब्रेक पाइप आणि धूर असे मुद्दे निघू शकतात. या दोन्ही वयांच्या गाड्या एकत्र करून काढलेल्या टक्केवारीला फारसा अर्थ उरत नाही. तुलना करायची, तर एकाच वयाच्या आणि साधारण सारख्याच चाललेल्या गाड्यांची करावी.

दुसरे म्हणजे, आकडेवारीत वायपरमुळे नापास झालेली मोटार आणि ब्रेक पाइप फुटण्याच्या बेतात असलेली मोटार, दोन्ही 'नापास' या एकाच रकान्यात जातात. तिसरे, केंद्रावरच तासाभरात बल्ब बदलून पास झालेल्या मोटारींची स्वतंत्र नोंद होते. ती नापासात धरायची की पासात, यावर टक्केवारी बदलते. चौथे, अगदी खराब झालेल्या मोटारी दरम्यानच्या काळात भंगारात गेलेल्या असतात. पंधरा वर्षांच्या गाड्यांचा निकाल हा तग धरून राहिलेल्यांचा निकाल असतो.

थोडक्यात, मॉडेलची टक्केवारी कोठे पाहायचे ते सुचवते. समोर उभी असलेली गाडी कशी आहे, ते ती सांगू शकत नाही.

प्रमाणपत्रापेक्षा इतिहास मोलाचा

ते सांगणारी गोष्ट वेगळी आहे. चाचण्यांची नोंद २००५ पासून संगणकावर येऊ लागली आणि ती आज कोणालाही विनामूल्य पाहता येते. सरकारी संकेतस्थळावर मोटारीचा क्रमांक टाकला, की प्रत्येक चाचणीची तारीख, निकाल, नापास होण्याचे कारण, दिलेल्या सूचना आणि त्या दिवशीचे मीटरचे आकडे समोर येतात.

समजा, एका एसयूव्हीच्या नोंदीत तीन वर्षे ओळीने 'पुढचा ब्रेक पाइप किंचित गंजलेला' ही सूचना आहे आणि चौथ्या वर्षी तिच्या जागी 'नापास' आले आहे. या मालकाने नापास होईपर्यंत दुरुस्ती टाळली, हे उघड आहे. दुसऱ्या गाडीत सूचना आली आणि पुढच्या वर्षी ती दिसेनाशी झाली. तेथे काम वेळेवर झाले असावे. पहिली गाडी आज पास आहे आणि दुसरी मागील वर्षी एका बल्बमुळे नापास झाली होती, तरी शहाणा ग्राहक दुसरीच घेईल. मीटर मागे फिरवण्याची चलाखीही याच नोंदीत पकडली जाते. मागील वर्षी ८० हजार मैल आणि यंदा ६५ हजार, हे गणित कोणालाही पटणार नाही.

या व्यवस्थेत उणिवा नाहीत, असे नाही. तपासणी आणि दुरुस्ती एकाच गॅरेजात होत असल्याने नको ते काम काढले जाण्याची शंका ग्राहकाला असते. उलट, मोटार न पाहताच प्रमाणपत्र दिल्याचे प्रकारही उघडकीस आले आहेत. आणि प्रमाणपत्र वर्षभर वैध असले, तरी निष्कर्ष मात्र त्या एका दिवसापुरताच असतो.

आपल्याकडे पंधरा वर्षे शांतता

महाराष्ट्रात जुन्या एसयूव्हीचा बाजार मोठा आहे, परंतु ग्राहकाच्या हाती असा इतिहास नाही. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्या काळात वार्षिक योग्यता तपासणीचे बंधन नाही. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून फेरनोंदणी करावी लागते. तिचे शुल्क २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५ हजार रुपये करण्यात आले. 'पीयूसी' दरम्यान काढावी लागते, पण ती केवळ धुराची तपासणी आहे. ब्रेक, टायर किंवा स्टिअरिंगशी तिचा संबंध नाही.

याउलट, प्रवासी वाहतुकीच्या परवान्यावर धावणाऱ्या वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन बोलेरोंपैकी पिवळ्या पाटीची गाडी नवव्या वर्षी तपासणीच्या रांगेत उभी असते आणि पांढऱ्या पाटीची गाडी कुटुंबाला घेऊन घाट चढत असते. तिचे ब्रेक कसे आहेत, हे पाहणारा कोणी नसतो.

'वाहन' प्रणालीवर नोंदणी, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा यांची माहिती मिळते. गाडी किती चालली आणि तिच्यात कोणते दोष होते, हे तेथे कळत नाही. अशा वेळी ही चाचणी ग्राहकाने स्वतःच घडवून आणणे शहाणपणाचे. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी मागाव्यात आणि त्यांतील किलोमीटरचे आकडे क्रमाने वाढत गेले आहेत का, ते पाहावे. विम्याचे दावे किती वेळा झाले, ते विचारावे. विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवून ब्रेक पाइप, बुश, स्प्रिंग आणि टायरच्या आतल्या कडा तपासाव्यात. टायरच्या बाजूवरील चार आकड्यांवरून तो कोणत्या आठवड्यात आणि वर्षात तयार झाला, ते कळते. कोकण किनाऱ्यावरील गाडीत गंज आणि पूर आलेल्या भागातील गाडीत आसनांखालचा चिखल, गालिच्याखालची ओल जरूर शोधावी.

यासाठी होणारा खर्च गाडीच्या किमतीच्या तुलनेत नगण्य आहे. विकणारा गाडी लिफ्टवर चढवू देण्यास तयार नसेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा.