उभ्या विमानाचं इंजिन आतून गंजतं
जालन्याच्या धावपट्टीसारख्या ठिकाणी छोटं विमान पावसाळाभर उभं ठेवायचं असेल, तर हे वाचाच. सेसना १७२ मधल्या लायकमिंग इंजिनाचा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. तेल निथळलं की तो उघडा पडतो आणि दमट हवेत गंजू लागतो. मग खडबडीत कॅमवर टॅपेट घासून लोखंडाची भुकटी तेलात उतरते.

जागेवर दहा मिनिटं इंजिन फिरवणं तर घातकच! इंधन जळताना पाणी तयार होतं. तेल पुरेसं तापलं नाही तर ते पाणी आतच राहतं. लायकमिंगचा सल्ला स्पष्ट आहे: महिन्यातून किमान एक तास उडवा, तेल ७४ ते ९३ अंश सेल्सिअसवर ठेवा. जमणार नसेल तर संरक्षक तेल वापरा, वरच्या स्पार्क प्लगच्या जागी सिलिका जेलचे प्लग लावा. निळे दाणे गुलाबी झाले की लगेच बदला.