देणगीतून मार्गदर्शन : दिल्लीतील एक अनुभव

घर सोडून महानगरात आलेल्या मुलाला अन्न व निवाऱ्याइतकीच विश्वासू प्रौढ व्यक्तीच्या सोबतीची गरज असते. ही सोबत वस्तुरूपाने देता येत नाही. त्यासाठी समुपदेशक व कार्यकर्त्यांचा वर्षानुवर्षांचा वेळ लागतो. या वेळेचा खर्च भागविणे, हे देणगीचे महत्त्वाचे कार्य होय.

मीरा नायर दिग्दर्शित ‘सलाम बॉम्बे!’ हा मुंबईतील रस्त्यावरील मुलांचे जीवन मांडणारा चित्रपट १९८८ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या उत्पन्नातून त्याच वर्षी दिल्लीत ‘सलाम बालक ट्रस्ट’ उभा राहिला. नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या परिसरातील मुलांशी संपर्क, निवारा, शिक्षण, समुपदेशन व व्यवसाय प्रशिक्षण असे त्याचे कार्य विस्तारले. संस्थेत वाढलेल्या तरुणांनी पर्यटकांना पहाडगंज भागाची पायी सफर घडविण्याचा उपक्रमही सुरू झाला. त्यातून संस्थेला निधी आणि तरुणांना संभाषणाचा आत्मविश्वास मिळतो.

खरी कसोटी वयाच्या अठराव्या वर्षी लागते, कारण तेव्हा बालगृहातील वास्तव्य संपते. पश्चिम बंगालमधील पुरुलियाहून पळून आलेले विकी रॉय याच संस्थेत वाढले. पुढे छायाचित्रकार अनय मान यांच्याकडे सहायक म्हणून काम करून ते स्वतः नामवंत छायाचित्रकार झाले. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये बालगृह सोडणाऱ्या तरुणांसाठी पश्चात देखभालीची तरतूद आहे. तथापि कायद्याने आधाराची चौकट मिळते. व्यक्तिगत मार्गदर्शक शोधावा लागतो.

अशा संस्थांना वैयक्तिक देणग्या, कंपन्यांचा निधी व विदेशी अंशदान या मार्गांनी पैसा मिळतो. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. विदेशी अंशदानातून करावयाच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. निधीचा दुरुपयोग टाळण्यासाठी नियंत्रण आवश्यकच आहे. मात्र हिशेब, देखरेख व व्यवस्थापन यांसाठीही पैसा लागतो.

इमारत किंवा संगणक एकदाच दिला तरी चालतो. मार्गदर्शक मात्र मध्येच निघून गेल्यास मुलाचा विश्वास पुन्हा एकदा तुटतो. म्हणून या क्षेत्रात मोठ्या पण एकदाच मिळणाऱ्या रकमेपेक्षा लहान परंतु नियमित देणगी अनेकदा अधिक उपयुक्त ठरते. देणगीचे मूल्यमापनही मुलांच्या संख्येबरोबरच सोबत किती काळ टिकली, यावरून व्हावयास हवे.